पहिल्या गिअरमध्ये

ऑक्टोबरात बिलिंग्जच्या बाजारातून ट्रक आले
आणि दोनशे गायी गेल्या.
उरल्या एकोणीस, ज्यांना कुणी भाव देईना:
म्हाताऱ्या, एक आंधळी, एक नुसतीच हट्टी.
"राहू देत," हार्लन म्हणाला,
"सकाळी उठायला निमित्त हवं."

त्याला निमित्त कधी लागलं?
चार वाजता त्याचे पाय आपणहून जमिनीला टेकतात,
मग तो अंधारात मोजे शोधत बसतो
आणि मी झोपेचं सोंग घेते.
एक्कावन्न वर्षं त्याला हे सोंग माहीत आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी पारा शून्याखाली बावीस.
टाकीवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडला.
एक तुकडा कुत्र्याने तोंडात धरून आणला,
पायरीखाली लपवला, हाड असल्यासारखा.

टेबलावर शुभेच्छापत्रं.
पूर्वी तिकिटांची दोन पानं लागायची,
यंदा एकातलीच चार उरली.
वहीतल्या नावांवर मी काट मारत नाही,
पेन्सिलीने शेजारी एक टिंब देते.
एडना. व्हर्जिल. ओढ्यापलीकडचे दोघे भाऊ.
"पानावर माश्या बसल्यात," हार्लन म्हणतो,
आणि व्हर्जिलच्या नावापाशी त्याचा अंगठा थांबतो.

कर्टिसचा फोन आला, फीनिक्सहून.
मुलं पोहतायत म्हणे.
"या ना इकडे," तो म्हणाला, दरवर्षीसारखं.
"गायींचं कोण बघणार," आम्ही म्हणालो, दरवर्षीसारखं.
मग तिकडे जरा शांतता.
एकोणीस हा आकडा त्यालाही ठाऊक होता.

नाताळच्या सकाळी वारा पडला, ऊन निघालं.
जुना पिकअप, मागे गवताचे सहा गठ्ठे.
पूर्वी गाडी मी चालवायचे, गवत तो टाकायचा.
त्याआधी कर्टिस, सात वर्षांचा,
स्टिअरिंगच्या वर त्याची टोपी तेवढी दिसायची.
आता हार्लनच्या खांद्याला एकट्याने गठ्ठा पेलत नाही.
तो हे बोलत नाही, म्हणून मीही नाही.
आम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो,
स्टिअरिंग दोरीने बांधतो
आणि दोघंही मागे चढतो.

आत कुणी नाही. गाडी चालते.
माणसाच्या चालीहून हळू, पांढऱ्या माळावर,
मागे एकोणीस गायी नाकातून वाफ सोडत,
आंधळी सगळ्यांत पुढे, इंजिनाच्या आवाजामागोमाग.

मी सुतळ्या कापते, तो गवत पसरतो.
चौथ्या गठ्ठ्यात माझा हातमोजा निघाला,
जुलैत हरवलेला, डाव्या हाताचा,
चपटा, आत वाळलेलं फूल.
उजवा मी सप्टेंबरात फेकून दिला होता.
"घे, तुझी नाताळची भेट," तो म्हणाला.
आम्हाला हसू आवरेना,
इतकं, की समोर कुणीच पाहिलं नाही.

गाडी हलकेच बर्फाच्या ढिगात शिरली,
कुंपणाच्या वीतभर अलीकडे.
इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.
केवढं गप्प!
नुसता चावण्याचा आवाज, एकोणीस तोंडांचा.

फोन घरी, टेबलावर. अर्थात.
उरलेल्या गठ्ठ्यांवर बसलो,
थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने कॉफी.
"फीनिक्सला गवत असतं का गं?" त्याने विचारलं.
"असतं. कापून फेकून देतात म्हणे."
तो बराच वेळ मान हलवत राहिला.

तासाभरात लुंडक्विस्टांचा धाकटा ट्रॅक्टर घेऊन आला,
न बोलावता. टेकडीवरून दिसलं असणार.
पैसे घेतले नाहीत,
चोकचेरीच्या मुरंब्याची बरणी मात्र घेतली.
निघताना बुटांकडे बघत म्हणाला,
"रोज शाळेआधी येऊन मी चालवीन, हवं तर."

हार्लन हो म्हणाला नाही, नकोही म्हणाला नाही.
रात्री त्याने मोजे उशाशी ठेवले,
आणि स्टिअरिंगची ती दोरी
खुंटीला टांगली,
गाठ न सोडता.