सतरा फटी

विमान लहान. चार माणसांचं.
जानेवारीत लातूरच्या धावपट्टीवर पहाटे
पंखांवर दव इतकं, की बोटानं नाव लिहावं.
मिस्त्रीनं लिहू नये. पुसावं.

डाळमिलवाल्या कोटलवारांचं विमान,
तक्रार डायरीत, दोनच शब्द:
पाय गारठतात.
खाली कॅप्टन मृण्मयी हिप्परगेकरची सही,
तीही कुडकुडलेली.

म्हणून एकदा मीच मागं बसलो.
आठ हजार फुटांवरून मांजरा म्हणजे
कुणी शेतात विसरलेली वायर.
करडई, हरभरा, मधे एका आगटीचा धूर, सरळ.
तिथं कुणाचे तरी तळवे शेकत होते.
माझ्या घोट्याला दाराखालचा वारा
शिट्टी घालून चावत होता.

रात्री हँगरचे दिवे मालवले,
आत बॅटरी घेऊन बसलो,
बाहेरून हाशम खडू घेऊन फिरला.
जिथं उजेड गळेल तिथं खूण.
सतरा.
काहींत मुनीमजींनी आधीच बारदाना कोंबलेला,
अख्खं विमान तुरीच्या पोत्यासारखं वासायचं.

हैदराबादहून रबर आलं. बसवलं.
शिट्टी थांबली.
"झालं की मग! चहा घ्या," मुनीमजी म्हणाले.

झालं नव्हतं.
ऊब कुठून येते हे बसणारा विचारत नाही.
इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो
तिला पत्र्याचं जाकीट,
मधल्या पोकळीतून ताजी हवा जाते,
तापते, पायाशी येते.
उबेत आणि विषात
एक पत्रा. रोज लाल होऊन रोज गार झालेला.
त्या विषाला वास नाही. ते चावत नाही,
नुसतं झोपवतं.
आणि आता तर वाऱ्याच्या सतरा वाटा
मीच माझ्या हातानं बुजवलेल्या.

नळीत व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडली,
वरून ब्रशनं साबणाचं पाणी.
बराच वेळ काही नाही.
मग सांध्यापाशी एक फुगा,
मोहरीएवढा,
हरभऱ्याएवढा,
फुटला. पुन्हा आला.

"केसाएवढी बी चीर नाही, उस्ताद."
"केस पुरतो, हाशम."

डायरीत लिहिलं: नवी नळी येईस्तोवर उड्डाण नाही.
मुनीमजी तडकले,
"थंडी घालवाया बोलिवलं तुम्हाला,
तुम्ही तर विमानच बसवून ठेवलं!"

नळी आली तेव्हा शिमगा होऊन गेलेला.
लातुरात ऊब कुणालाच नको होती.
तरी जोडली. साबण लावला, पाहिलं,
एकही फुगा नाही.

पॅनेलवर एक कार्ड चिकटवलं,
मधोमध टिकलीएवढा केशरी ठिपका.
काळा पडला तर हीटर बंद, खिडकी उघडी, खाली उतरा.
कॅप्टन हसल्या, "उन्हाळ्यात कशाला?"

पण परवा बघितलं,
इंजिन सुरू करण्याआधी
त्या टिकलीकडं त्यांनी एकदा पाहिलं,
बोटानं तिच्यावरची धूळ पुसली.