पंचवीस शब्दांची यादी

खोलीला दोन दारं, एकामागे एक,
भिंतींना राखाडी फोम, अंड्यांच्या ट्रेसारखा.
आत गेलं की दिंडोरी रोड संपतो,
उरतो आपल्याच गिळण्याचा आवाज.
पहिल्यांदा इथे बसले तेव्हा
मला माझ्याच कानांची भीती वाटली होती.

आज काचेपलीकडे त्र्यंबकशेठ तांबट, वय एकाहत्तर.
व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं : भांडी बनवणे.
त्यांनी वाकून वाचलं.
"बनवणारे वेगळे. मी मठारतो.
ठोके माझे."

सूर वाजला की बोट वर,
थांबला की खाली.
खर्जातले सगळे त्यांनी पकडले.
मग मी वर वर चढत गेले
आणि बोट मांडीवरच राहिलं.
चार हजारांवर कागदावरची रेघ
विहिरीत दोर सुटावा तशी.
"पंचावन्न वर्षं एकाच जागी हातोडी," नंतर ते म्हणाले,
"पत्रासुद्धा पातळ होतो, बाई."

आता शब्द.
मी तोंडापुढे फाइल धरते,
नाहीतर ते ओठ वाचतात, आणि त्यांना ते माहीतही नाही.
सात, मी म्हणते.
हात, ते म्हणतात.
काठ. पाठ.
साप. ताप.
फूल. पूल.
शाळेत क ख ग घ ओरडत होतो
तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं
की हा घशापासून ओठांपर्यंतचा रस्ता आहे
आणि म्हातारपणी त्यावरची गावं
एकेक करून दिसेनाशी होतात.

सतरावा शब्द : पाणी.

इथे मी दरवेळी अडते.
मी बागलाणातली, सटाण्याच्याही पलीकडची.
पहिल्या वर्षी वर्गात वाचायला उठले,
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
दोन महिने हॉस्टेलच्या आरशात
जीभ उलटी वळवून ण घोटवला,
दात घासताना, फेसासकट.
माय फोनवर विचारायची, पानी उनं का तठे?
मी आधी मागे वळून बघायचे,
मग हळूच म्हणायचे, उनं.

पाणी, मी म्हणते, पुस्तकातल्यासारखं.
पानी, त्र्यंबकशेठ म्हणतात,
एकदम खात्रीनं.

बरोबर आणि चूक, चौकटी दोनच.
मॅडम माझ्या मागे उभ्या.
बोली म्हणजे दोष नव्हे,
हे वाक्य मी पाच गुणांसाठी पाठ केलं होतं,
स्वतःवर कधी वापरलं नव्हतं.
मी बरोबरची खूण करते,
इतकी दाबून की खालच्या पानावरही उमटते.
मॅडम काही बोलत नाहीत. पंख्याचं बटण शोधतात.

पंचवीसपैकी चौदा.
"म्हणजे पास की," ते म्हणतात.
आणि मग, "जरा मोठ्यानं बोल."

जरा. दातांमागे घासलं की थोडंसं,
टाळूला टेकलं की म्हातारपण.
लिहिताना दोन्ही सारखेच.
काचेतून मला नीट कळलं नाही
त्यांनी कुठलं म्हटलं.

बाहेर टेबलावर मशीन लावून बघतो,
डाव्या कानात, फक्त ट्रायलला.
खुर्ची सरकली तर दचकतात.
कागद चुरगळला तर म्हणतात, कोण तळतंय?
मग पिशवीतून तांब्याचा गडू काढतात.
भांडं वाजवून पारखायचं असतं,
चीर असली तर तेच सांगतं.
"आता नातू वाजवतो. चांगलंय म्हणतो.
मी मान हलवतो."

नखाची एक टिचकी.

गडू वाजला
आणि त्यांचं बोट वर गेलं,
कुणी सांगितलेलं नसताना.
माझ्या हातात तक्ता होता,
यासाठी त्यात रकाना नव्हता.
आवाज बारीक होत गेला,
पंख्याच्या घरघरीत मिसळला,
माझ्यापुरता संपला.

बोट अजून वर होतं.