पस्तीस लिटर

होबार्टच्या दुकानात लॅकलन
वाळूच्या पिशव्या कोंबतो सॅकमध्ये.
"सात किलो. जिना चढून या."
ब्रॉनिन चढते. उतरते.
पट्टा काखेत काचतो.

मग तो फीत काढतो :
मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत
एक थंड बोट घसरत जातं.
तीन वर्षांत पाठीला
कुणाचा हात लागला नव्हता.
"सेहेचाळीस," तो म्हणतो, लिहून घेतो.

मोठी सॅक तिने परत टांगली.
तंबूच्या काठ्या वॉरन उचलायचा,
शिवाय किटली, शिवाय कुरकुर.
आता एक रात्र, एक मग,
जळवांसाठी मिठाची पुडी.

"रंग?"
"चिखल दिसणार नाही असा."

बसथांब्यावर
रिकाम्या सॅकचा कमरपट्टा
ती उगाचच आवळून बघते.