खळ

कागद खरडाचं काम माह्याकडं आलं
कारन मी पंचायतीचा शिपाई, रोजंदारीवरचा,
अन् सराटा घरूनच आनतो.

पह्यला कागद हातपंपाचा.
ढिवर टोलीच्या तोंडाशी, समाजमंदिराच्या भिंतीवर,
मानसाएवढा, कोळशानं काढलेला,
दांड्यावरचा गंज सुद्धा वीटेच्या भुकटीनं घासून भरलेला.
रजिस्टरात तिथं पंप आहे, तीन वर्सं झाले.
खाली दोनच शब्द: कागदावर आहे.

पोट्टे हासले.
तुरजाबाई मारबते हासली नाई.
तिनं गुंड आनला, तोटीखाली ठेवला
अन् बसली लिंबाच्या सावलीत,
जसं नंबर लागल्यावर बसतात.

मंग दवाखान्याच्या कुलुपावर डॉक्टर आला,
गळ्यात नळी, नजर घड्याळाकडं.
बोडीच्या पारीवर तर अकरा मजूर एका रांगीत,
हमीच्या मस्टरवरचे, तोंडं कोरे,
पन एकाचा पाय वाकडा होता.
सोमाजी. चार पावसाळे झाले त्याले जाऊन,
अजून माती टाकते.

पंचायत समितीतून इंजिनियर आला,
गाडीवरून उतरलाच नाई.
रस्त्यावरूनच मोबाईल उचलला,
पंपाचा फोटो घेतला, पाय टेकवला, गेला.
आठव्या दिवशी दुरुस्तीचं बिल निघालं.
फोटोत पानी दिसत नव्हतं म्हना,
पन फोटोत पानी कोन पाहाते?

खरडता खरडता हाताले समजत गेलं.
ही मैद्याची खळ नाई.
तांदळाची कनी, रातभर भिजवलेली,
मंद आचेवर, अन् चिमूटभर मोरचूद, वाळवी लागू नये म्हनून.
अशी खळ वडशाच्या नाटकवाल्यांची.
मी पाच हंगाम लावले त्यांचे कागद,
मंडईच्या आदल्या रात्री, सायकलले डबा टांगून,
थंडीत बोटं निळे व्हाचे.

डबा धराले एक पोट्टी यायची,
पेटीवाल्या दशरथची लतिका, आठ-नऊ वर्साची,
नाकात शेंबूड, डोळे मोठे.
तिले सांगतलं होतं मी,
हात मधून बाहेर फिरव, हवा राहू देऊ नको,
अन् खालचा डावा कोपरा आत मोडून दाब,
शेळीचा दात लागत नाई मंग.
हे कोनालेच सांगतलं नव्हतं मी. तिलेच.
आता शाळेत खिचडी शिजवते ती.
कनी कुठून येते, ते मी मोजाले गेलो नाई.

सचिवानं इचारलं, काहो, कोनाचं काम असंल हे?
ठाणेदाराचा मानूस खुर्चीत बसला होता, चहा फुंकत.
मी बोटं हुंगले.
म्हनलं, मैदा आहे सायेब. शहरातला.
कोनीतरी रात्री येऊन जाते गाडीनं.
त्यानं लिहून घेतलं.
आता ते बी कागदावर आहे.

अन् आज, सोमवारी,
पंचायतीच्याच दारापाशी, झेंड्याच्या चौथऱ्यामागं,
मी.
हातात सराटा, खांद्यावर दुपट्टा,
सदऱ्याची दुसरी गुंडी तुटलेली,
जी तुटून महिना झाला अन् घरात कोनाले दिसली नाई.
खाली लिहिलं होतं: कायम.

आत सचिवाच्या कपाटात माही नेमनूक असंल
मले ठाऊक नसलेली,
माही सही असंल, मी न केलेली, दर पह्यल्या तारखेले.
मी उभा राह्यलो माह्यासमोर.
लोक जमत होते. तुरजाबाई गुंड घेऊन थांबली.
सरपंच आतून ओरडला, खरड ना गा, काय पाहातं!

बालटीत सराटा भिजवला.
पायाकडून सुरू केलं,
खालच्या डाव्या कोपऱ्यापासून.

मोडलेला होता. आत दाबलेला.
निंघता निंघेना.