सांडवा

देवपूरच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर
एक गोगलगाय काढली, डोक्यावर तीन कड्या,
मागे हाडाआड एक चिमुकली पिशवी.
"आप्पा, हा तुमचा आतला कान.
ह्या कड्यांतलं, गोगलगाईतलं पाणी
सगळं मिळून एक थेंबही भरणार नाही."

मला हसू आलं.
चाळीस वर्षं पांझरेचं पाणी वाटलं,
चार फड, पाळीनं, खांद्यावर कुदळ,
कुणाच्या उसाला घोटभर जास्त नाही.
आणि मला आडवं केलं ते एवढ्याशानं!

बंधाऱ्यावरच पडलो होतो.
आभाळ घाण्यासारखं फिरलं,
डावा कान कोंदला, उलटी झाली.
जागल्या सुपडूनं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला,
मग हात दिला.
दिवेलागणीपर्यंत गावभर झालं:
धुडकू पाटकरी प्यायला लागला.

बाई सांगत होत्या,
पाणी दोन तऱ्हेचं, मधे पडदा.
बाहेरचं मिठाचं. आतलं निराळं,
तुमच्याकडच्या केळीत असतं ना पोटॅशियम, त्याचं.
गोगलगाईतली एक भिंत ते रात्रंदिवस बनवते,
पिशवी ते शोषत राहते.
आलं तेवढं गेलं की माणूस उभा.
पिशवी सुस्तावली की पडदा फुगतो,
एखादवेळी फाटतो,
पाण्यात पाणी मिसळतं.
का सुस्तावते, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.

"म्हंजे सांडवा बुजला," मी म्हणालो.
त्यांचं पेन थांबलं. "हो. तसंच काहीसं."
"मग तठला पाटकरी कोन?"
"कुणी नाही, आप्पा.
भिंतच पाटकरी."

मीठ तोडलं. पापड, लोणचं, शेव गेली.
कळण्याची भाकरी अळणी, भरीत अळणी.
हीसुद्धा तेच खाते.
विचारलं तर म्हणते, दोनदा कोण रांधेल.

आता चैत्र. नदीत नुसते गोटे.
डाव्या कानात मात्र पूर चालू,
भिंतीवरून धो-धो.
पहाटे सुपडूची हाक येते, "पानी उनं!"
वरून सोडलं असेल,
नाहीतर माझंच असेल.

लगेच उठत नाही मी.
अंधारात हात लांब करून
भिंत चाचपतो आधी,
उभी आहे का एका जागी.