दोन वाट्या

डॉक्टरीणबाई फिल्म उजेडावर धरतात.
दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला
समुद्रघोड्यासारखी वळलेली एक घडी असते,
आईच्या डोक्यात तिथं नुसतं पाणी.
तापानं नेलं, चार दिवसांत.
"हिप्पोकॅम्पस," त्या म्हणतात.
आणि आई, जिचा जन्म कामारिन्यासच्या धक्क्यावर गेला,
हसून म्हणते, "ओहोटीबरोबर गेला असेल. येईल."

लिस्बन कुठल्या देशात, तिला माहीत आहे.
ऑक्टोपसचा भाव माहीत आहे, पेसेटांत.
फोनचा नंबर पुटपुटत राहिली तर टिकतो;
दार वाजलं की गेला.
सकाळची कॉफी तिनं कधीच प्यायलेली नसते.

मात्र लेसची उशी मांडीवर आली
की वीस लाकडी फिरक्या खडखडू लागतात,
ही तिच्यावरून, ती हिच्याखालून, टाचणी,
कौलांवर गारा पडाव्यात तशा.
नमुना सांग म्हटलं तर सांगता येत नाही.
पाठ नाही, म्हणते.
खरंच आहे. पाठीच्याही वर,
लहान मेंदूच्या चुण्यांत कुठंतरी
तो अंगवळणी पडून राहिलाय.

ती इस्पितळात असतानाच ब्राइसची बोट बुडाली.
घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात
मी तिला अकरा वेळा सांगितलं,
याच खिडकीजवळ बसवून.
अकरा वेळा तिचा मुलगा पहिल्यांदाच मेला.
बाराव्यांदा म्हटलं, "समुद्रावर गेलाय."
तसं खोटंही नव्हतं.

आता ती त्या खुर्चीत बसत नाही.
का, तर "वारा लागतो."
खिडकी बंद असते.
बदामाएवढी एक गाठ असते म्हणे, अमिग्डाला,
समुद्रघोड्याच्या तोंडापाशी.
एका बाजूची बचावली.
नावगाव काही ठेवत नाही ती,
दचकणं तेवढं ठेवते.

काल रात्री तिनं फळीवरून वाट्या काढल्या.
वर्षानुवर्षं तीन काढायची, न मोजता.
काल दोन.
मी पाव कापत राहिले.
हे ओझं मी एकटीच वाहतेय, असं वाटायचं मला.
हातांना कुणी सांगितलं?

मग ती बसली, चमचा उचलला,
दाराकडं बघून म्हणाली,
"ब्राइसला उशीर झाला आज."
"हो."
"त्याचं सूप झाकून ठेव."

पातेल्यात काही उरलं नव्हतं.
मी झाकलं.