दंडाची वही

नववी 'ब'ची वही माझ्याकडे असे.
लाल पुठ्ठा, आत चार रकाने:
तारीख, नाव, शब्द, पंचवीस पैसे.
माझं अक्षर बरं, आणि मी बाळ्ळीहून बसने येणारी,
असोळण्यात कुणाची मावसबहीण नाही,
हिला कुणाची भीड पडायची नाही,
असं सिस्टर एर्मेलिंडा हेडमास्तरांना म्हणाल्या.
मी ते ऐकलं आणि फुगले.

शाळेत इंग्रजीच.
मैदानाच्या पायरीपासून वर इंग्रजी,
पायरीखाली देवाची आणि तुमची मर्जी.

तिसऱ्या रकान्यात काय काय होतं:
उदक. माका दी. राव गो.
बांगडो, चार वेळा, एकाच मुलाचा.
एक शिवी, ती कशी लिहायची कळेना,
म्हणून तिथे नुसती रेघ.
स्वतःचं नाव मी दोनदा घातलं,
एकदा खरंच चुकले म्हणून,
एकदा कुणी बोलू नये म्हणून.

बाराला इगर्जीची घंटा वाजे.
सगळे उभे.
भूमितीच्या सरांचा खडू
त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूवर अर्ध्यात थांबलेला.
आम्हा पाच जणांना प्रार्थना येत नाही
अशी एक समजूत होती.
येत होती. ओठ मिटून म्हणायचो.
घरी शुभंकरोती संपताना
एकदा माझ्या तोंडून आमेन गेलं.
आई हसली. बाबांनी पेपर खाली केला,
बघितलं, परत वर केला.

दोत्रीनच्या तासाला वर्ग दुभंगे,
ते चॅपेलकडे, आम्ही वाचनालयात, नीतिशिक्षणाला.
क्लेमेंसिया जाताना तिची कंपासपेटी
माझ्या बाकावर ठेवून जायची.
आत, कर्कटकाखाली, माझ्यासाठी तिकिटं:
पनामा, कुवैत, एकावर उंट.
वडील तारवटी, तेलाच्या जहाजावर.
पत्रं तिची, तिकिटं माझी, असा करार.

ऑक्टोबर. गुरुवार. इतिहासाचा तास.
शिपाई कायतान दारात आला, तिला घेऊन गेला.
ती परत आली ती दप्तरासाठी.
बाकापाशी उभी राहिली,
दप्तर कुठलं, ते तिला ओळखेना जणू,
आणि कुणालाच नाही असं म्हणाली,
म्हजो पाय गेलो.

पाय म्हणजे बाप.
आमच्याकडे नाही म्हणत, त्यांच्याकडे म्हणतात.
मला ठाऊक होतं. मला चांगलं ठाऊक होतं.

माझा हात.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
त्यानं तारीख घातली,
क्लेमेंसिया बार्रेटो लिहिलं, दोन र नीट,
तिसऱ्या रकान्यात पाय,
चौथ्यात पंचवीस.

शनिवारी सिस्टर वही तपासत.
बोट नावांवरून खाली उतरत आलं
आणि थांबलं.
मी खिडकीबाहेर साळ नदीकडे पाहत होते,
एक होडी, तिच्यात कुणी नाही.
सिस्टरांनी झग्याच्या खोल खिशातून
रुमाल काढला, किल्ल्या काढल्या,
मग एक नाणं.
पत्र्याच्या पेटीत ते पडलं
तेव्हा आवाज झाला, नेहमीएवढाच.
वही माझ्या हातात परत दिली.
सोमवारी घेऊन ये, म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर.
पण मुद्दा तो नाही.
मुद्दा हा, की सोमवारी मी वही घेऊन गेले.

मार्चमध्ये पेटी फोडली.
एक्केचाळीस रुपये, वर एक बटण.
उरलेले फादरांनी घातले आणि व्हॉलीबॉल आला,
पांढरा, नव्या चामड्याचा वास येणारा.
मैदानात एकच गिल्ला,
हांगा मार, वयर, वयर, म्हाका, म्हाका!
इतकी कोंकणी त्या शाळेत
मी वर्षभरात ऐकली नव्हती.
क्लेमेंसियाच्या हातावर काळी फीत,
सर्व्हिस तिचीच सगळ्यात जोरकस.
जाळीपलीकडून तिनं मला हेरलं.
घे गो, म्हणाली,
आणि मारला.

मी तो कसाबसा उचलला. बोटं सुजली.
लिहिलं नाही काही.
पायरीच्या खाली होतो,
एवढंच.